हसविणाऱ्याचे नाव काय?

इतर गावचे मारुती उभे असतात. कोणी गदा उगारलेला, कोणी तळहातावर द्रोणागिरी पेलून उड्डाणाच्या पवित्र्यात. आमच्या जामसांवलीचा मारुती मात्र पिंपळाखाली निवांत पहुडलेला आहे. शनिवार आला की सौंसर, पांढुर्णा आणि पार नागपूरकडूनही माणसांची रीघ लागते. दर्शन झाले की माणसे सावलीला टेकतात, शिदोरी सोडतात आणि बोलत बसतात. अशाच एका शनिवारी आमच्या शेजारी चारपाच कॉलेजची पोरे मोबाईलवर 'अशी ही बनवाबनवी' पाहत बसली होती. पाहत होती म्हणणेही चुकीचे. ती तो चित्रपट नटांच्या आधी बोलत होती! वाक्य पडद्यावर येण्यापूर्वीच पोरांच्या तोंडून निघे आणि मग सगळी मिळून खिदळत. १९८८ सालचा चित्रपट; या पोरांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

आम्ही विचारले, "यात कोण कोण आहेत रे?" एका दमात चौघांची नावे आली : अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सिद्धार्थ रे. "आणि लिहिला कोणी?" पोरे एकमेकांकडे पाहू लागली. त्यांतील एक जण अगदी निरागसपणे म्हणाला, "लिहिला म्हणजे? ते तर तेच बोलतात ना काका!"

या उत्तराचे आम्हांला हसू आले आणि लगेच वाईटही वाटले. ज्या वाक्यांवर मराठी माणसाच्या दोन पिढ्या पोसल्या, त्या वाक्यांना कोणी कर्ता असतो, कोणी तरी रात्री दिव्याखाली बसून ती लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, हे त्या पोरांच्या गावीही नव्हते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पुत्र मोठा झाला की बापाचे नाव निघते. विनोद मोठा झाला की बापाचे नाव पुसले जाते. शोकांतिका लिहिणाऱ्याला समाज साहित्यिक म्हणतो, हसविणाऱ्याला मात्र गमत्या म्हणून सोडून देतो. हा अन्याय केवळ एका माणसावरचा नव्हे. आमच्या भाषेवरचा आहे, आणि म्हणूनच या स्तंभात त्याची दखल घेणे आम्हांला आवश्यक वाटते.

'बनवाबनवी'चे लेखक वसंत सबनीस. ते सोलापूरचे. 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने १९६५ पासून त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले. १९७१ चा 'सोंगाड्या' त्यांच्याच लेखणीतला. पण सबनीसांच्याही आधी, मराठी बोलपट जेमतेम पाच वर्षांचा असताना, ज्या माणसाने विनोदी चित्रपट लिहिणे हा स्वतंत्र उद्योग आहे हे सिद्ध केले, त्याचे नाव आमच्या वाचकांस निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. ते म्हणजे आचार्य प्रल्हाद केशव अत्रे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा नगारा, 'मराठा'चा संपादक, शिवाजी पार्कवर लाखांच्या सभेला लोळविणारा वक्ता, हे अत्रे सर्वांना माहीत आहेत. 'ब्रह्मचारी' आणि 'ब्रँडीची बाटली' लिहिणारे अत्रे किती जणांना ठाऊक आहेत? आणि या दोन अत्र्यांचे परस्परांशी नाते काय, याचा विचार तर फारच थोड्यांनी केला असेल.

ते नाते समजून घ्यावयाचे तर मुळापासून आरंभ केला पाहिजे. अत्रे १८९८ साली जन्मले, कऱ्हेकाठच्या सासवडच्या मुलुखात. पेशाने शिक्षक. पुण्याच्या कॅम्प भागातील शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि शिक्षणशास्त्राची पदविका त्यांनी लंडनला जाऊन मिळविली होती. १९२५ साली 'केशवकुमार' या नावाने त्यांनी 'झेंडूची फुले' हा विडंबनकवितांचा संग्रह काढला आणि मराठी काव्यातील कृत्रिम हुंदक्यांची अशी काही फजिती केली की पुढे कित्येक कवींना हुंदका देण्यापूर्वी आजूबाजूला पाहावे लागले. १९३३ साली 'साष्टांग नमस्कार' हे त्यांचे नाटक रंगभूमीवर आले. सूर्यनमस्काराच्या नादी लागलेला एक रावबहादूर आणि त्याच्या भोवती आपापले खूळ उराशी धरून वावरणारी माणसे! मरगळलेल्या रंगभूमीवर प्रेक्षक पुन्हा पोट धरून हसू लागले. पाठोपाठ 'भ्रमाचा भोपळा' आणि 'लग्नाची बेडी' आली.

येथेच अत्र्यांच्या विनोदाची किल्ली सापडते. अत्रे माणसाच्या व्यंगाला हसत नाहीत, त्याच्या खुळाला हसतात. नमस्कार वाईट नव्हेत, व्यायाम वाईट नव्हे. परंतु एखादी चांगली गोष्ट डोक्यावर बसली आणि माणूस तिचा हमाल झाला की हास्यास तेथे जागा मिळते. सज्जनपणा आणि सज्जनपणाचे प्रदर्शन यांतील फट हेरणे ही त्यांची प्रतिभा होती.

१९३६ साली कोल्हापुरात बाबूराव पेंढारकर, मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी 'हंस पिक्चर्स' ही संस्था काढली. त्यांचा पहिला चित्रपट 'छाया' वि. स. खांडेकरांनी लिहिला : गंभीर, करुण, समाजाच्या अन्यायाने पिचलेल्या माणसांचा. दुसऱ्या वर्षी अत्रे या संस्थेत आले. १९३७ चा 'धर्मवीर' हा त्यांच्या लेखणीचा पहिला बोलपट. नॉर्वेच्या इब्सेनचे समाजाच्या 'आधारस्तंभां'वरील नाटक त्यांनी घेतले आणि त्याला अस्सल मराठी पगडी चढविली. बाहेरून धर्माचा खांब, आतून पोकळ, असा तो नायक. त्याच वर्षी 'प्रेमवीर' आला. एकाच कंपनीत एकीकडे खांडेकर रडवीत होते आणि दुसरीकडे अत्रे हसवीत होते. दोघांचा रोख मात्र एकाच ढोंगावर होता. दोघांत श्रेष्ठ कोण, या वादात आम्ही पडत नाही. एवढेच म्हणतो की रडविणाऱ्यास लोकांनी ज्ञानपीठापर्यंत नेले आणि हसविणाऱ्याच्या पटकथा मात्र 'गंमत' या सदरात जमा केल्या.

मग १९३८ साली आला 'ब्रह्मचारी'. औदुंबर नावाचा एक साधासुधा तरुण ब्रह्मचर्यावरील एक जळजळीत व्याख्यान ऐकतो. घरी येऊन भिंतीवरच्या नट्यांची चित्रे काढून टाकतो, जोरबैठकांना लागतो आणि आचार्य चंडीरामांच्या आश्रमात दाखल होतो. चंडीराम झाले होते दामुअण्णा मालवणकर! त्यांची ती तिरळी नजर आणि मुखावरचा तो करडा वैराग्यभाव! आणि मग आश्रमाच्या आसमंतात किशोरी अवतरते. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोषाखाने त्या काळी मोठी खळबळ उडवून दिली. पण त्या पोषाखाची चर्चा करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घेतली नाही. चित्रपटाचे हसे तरुणीच्या रूपाला पाहून होत नाही. ते होते औदुंबराच्या शपथेला पाहून. व्याख्यानाने घेतलेले व्रत दुसऱ्या व्याख्यानापर्यंतच टिकते, हे लेखकाचे म्हणणे होते. आम्ही जामसांवलीकर तर हे म्हणणे विशेष समजू शकतो. ब्रह्मचर्याचे खरे अधिष्ठान ज्याच्यापाशी आहे, तो आमच्या गावी शांतपणे आडवा झालेला आहे. त्याला व्याख्यान द्यावे लागत नाही आणि आश्रमही काढावा लागत नाही!

दुसऱ्याच वर्षी, १९३९ साली, 'ब्रँडीची बाटली'. ते दिवस पाहा. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबईत दारूबंदी लागू झाली. दारूबंदीच्या या वाऱ्यात अत्र्यांनी काय करावे? बगाराम नावाचा म्युनिसिपालिटीचा एक भोळा कारकून उभा केला. त्याला दारू म्हणजे काय हेच ठाऊक नाही. ज्या मुलीवर त्याचे मन जडले आहे तिच्या भावाच्या दुखण्यासाठी ब्रँडी हवी, आणि हा बिचारा त्या एका बाटलीच्या शोधात निघतो. शहरातील जी माणसे दारूला ओळखतात ती सगळी त्याला भेटतात, आणि न पिणारा हा एकटा माणूस सर्व पिणाऱ्यांचा आरसा होतो. उपदेश नाही, फलक नाही, घोषणा नाही. एक दुबळा कारकून, एक बाटली आणि एक नगर. पटकथा म्हणतात ती याला. नायकाला एकच साधे काम द्यावे, ते त्याच्या स्वभावाच्या अगदी उलट असावे, आणि प्रत्येक पावलाला ते अधिक अवघड होत जावे. अत्र्यांनी हे शास्त्र कोठल्या शाळेत शिकून घेतले नव्हते, परंतु मास्तरकीत त्यांना ते सापडले असावे. वर्गातल्या शेवटच्या बाकावरील मुलाला जागे ठेवणे आणि थिएटरातल्या शेवटच्या बाकावरील माणसाला हसते ठेवणे, ही कामे फार निराळी नाहीत.

या वाटेवर अत्रे एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. बडोद्यास राहून पाली भाषेची विद्वत्ता सांभाळणाऱ्या चिं. वि. जोश्यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना विनायकांनी 'लग्न पहावे करून' आणि 'सरकारी पाहुणे' या चित्रपटांत पडद्यावर आणले. महाराष्ट्रापासून दूर, गुजराती मुलुखात बसलेल्या एका मराठी माणसाने मराठी मध्यमवर्गाचे सर्वांत खरे चित्र काढावे, यात सरहद्दीवर राहणाऱ्या आम्हां लोकांना एक मोठा दिलासा आहे. पुढे माडगूळकरांनी 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' लिहिले, पु. ल. देशपांड्यांनी १९५३ साली 'गुळाचा गणपती' लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केले. परंपरा उभी राहिली ती अशी.

अत्रे मात्र विनोदी पटकथेच्या घरात कायमचे राहिले नाहीत. ते 'नवयुग चित्रपट' संस्थेच्या उभारणीत होते. तेथून बाहेर पडून त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली, 'पायाची दासी' आणि 'वसंतसेना' निर्माण केले. लेखकाला निर्माता का व्हावे लागते, याचे उत्तर सोपे आहे : आपले वाक्य दुसऱ्याच्या कात्रीखाली द्यावयाचे नसेल, तर कात्री स्वतःच्या हाती घ्यावी लागते. आणि मग १९५३ साली साने गुरुजींच्या पुस्तकावरून 'श्यामची आई'. भारतातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिलेवहिले राष्ट्रपती सुवर्णपदक १९५४ साली या मराठी चित्रपटास मिळाले. पाठोपाठ 'महात्मा फुले' आला आणि त्यास राष्ट्रपतींचे रौप्यपदक लाभले.

येथे टीकाकार म्हणतात, की पाहा, अखेर अत्र्यांनाही विनोद सोडून गंभीर व्हावे लागले, तेव्हाच पदक मिळाले! आम्हांला हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही. 'श्यामची आई' पाहताना डोळे पाणावतात ते ज्या घरगुती, अकृत्रिम बोलण्याने पाणावतात, ते बोलणे कानांत साठविण्याचे काम विनोदी लेखकाने आधी पंधरा वर्षे केलेले होते. ज्याला माणूस कोठे खोटे बोलतो हे अचूक कळते, त्यालाच तो कोठे खरे बोलतो हेही कळते. हसविणाऱ्याला रडविता येते; उलट घडेलच अशी खात्री कोणी द्यावी?

आणि हीच लेखणी नोव्हेंबर १९५६ मध्ये 'मराठा' होऊन निघाली. 'धर्मवीर'मध्ये ज्याची पगडी उडविली होती तोच पोकळ खांब आता राजकारणाच्या मंडपात उभा होता. लाठी खाणाऱ्या, तुरुंगात जाणाऱ्या माणसाला हसण्याची हिंमत देणे ही साधी गोष्ट नव्हे. भीती आणि हसू एका वेळी एका माणसात राहत नाहीत. सत्तेला लोकांच्या शिव्यांचे भय नसते, हशाचे असते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यामागे १०६ हुतात्म्यांचे रक्त होते हे प्रथम. पण लोकांचा धीर टिकविण्यात या हशाचाही वाटा होता, हे नाकारणारा इतिहास अपुरा ठरेल.

परंतु आमची भक्ती आंधळी नाही. अत्र्यांचा विनोद पुष्कळदा मर्यादा सोडी. वादाच्या भरात त्यांनी प्रतिपक्षाच्या माणसांवर अशी वाक्ये टाकली की आज वाचताना त्यांच्या चाहत्यांनाही मान खाली घालावी लागते. पडद्यावर खुळाला हसणारा हा लेखक अग्रलेखात पुष्कळ वेळा माणसालाच हसला. पटकथेत नायकावर प्रेम करावेच लागते, नाही तर प्रेक्षक त्याच्यामागे जात नाही. वृत्तपत्रात ते बंधन नसते. म्हणूनच आम्हांला वाटते, की विनोदाची निर्मळ बाजू पाहावयाची असेल तर अग्रलेखांतील अत्र्यांपेक्षा बगारामाच्या मागे बाटली शोधीत हिंडणारे अत्रे पाहावे.

आता कोणी विचारील, की जामसांवलीला आणि पांढुर्ण्याला याचे काय? आहे, फार आहे.

'बनवाबनवी'चे कथानक मराठीत जन्मलेले नाही. १९६६ साली हृषीकेश मुखर्जींनी 'बीवी और मकान' नावाचा हिंदी चित्रपट काढला होता. त्यावरून ते घेतले. भाड्याच्या खोलीसाठी पुरुषांनी बायकांचा वेष घेणे, ही युक्ती तीच. पण तो हिंदी चित्रपट आज किती जणांना आठवतो? आणि मराठीतील वाक्ये मात्र त्या पोरांना मुखोद्गत! याचा अर्थ एकच : कथानक उसने घेता येते, हसू उसने घेता येत नाही. अत्र्यांनीही 'मोरूची मावशी' इंग्रजीवरूनच आणली होती, परंतु ती मराठी घरात आली ती मराठी मावशी होऊनच. विनोद शब्दाच्या गाभ्यात असतो, उच्चाराच्या हेलकाव्यात असतो, कोणाला 'तुम्ही' आणि कोणाला 'अरे' म्हणावे यातल्या बारकाव्यात असतो. भाषेत शोक समजणे सोपे आहे, आज्ञा समजणे त्याहून सोपे. विनोद समजतो तो मात्र त्या भाषेचा धनी झाल्यावरच.

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आम्हांस आनंदच आहे. शिलालेख आणि ताम्रपट भाषेचे वय सांगतात. परंतु भाषा जिवंत आहे की नाही हे शिलालेख सांगत नाही. पिंपळाखालचा तो हशा सांगतो. सौंसर-पांढुर्ण्यात शाळेत हिंदी, कचेरीत हिंदी, घरात मराठी, असे आमच्या मुलांचे दिवस जातात. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, पण मुलाच्या जिभेवरील ही वाटणी बदलली नाही. हिंदीशी आमचे वैर नाही; ती आमच्या शेजाऱ्याची आणि आमच्याही व्यवहाराची भाषा आहे. आमची चिंता निराळी आहे. आमचे पोर भोपाळला गेले की मराठी म्हणून ओळखले जाते, आणि पुण्याला गेले की 'काऊन बे' म्हणताच चार लोक हसतात. दोन्हीकडे ते हसण्याचा विषय होते. हसविणारे मात्र कोठेच होत नाही.

आणि मराठी चित्रपटाने तरी आमच्या बोलीला काय काम दिले? बहुतेक वेळा गड्याचे, नाही तर गावंढळाचे. आमची बोली हा विनोद नव्हे. आमच्या बोलीत विनोद आहे. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर तोडू शकेल असा माणूस एकच : आमच्यातलाच पटकथाकार. सबनीसांनी तमाशाच्या बतावणीतून आपली भाषा उचलली. आमच्याकडे खडी गंमत आहे. पूर्व विदर्भात, वडशाच्या परिसरात, झाडीपट्टीची नाटके आजही हिवाळाभर रात्र-रात्र चालतात आणि लेखकास दरवर्षी नवे लिहावयास लावतात. मग जाम नदीच्या काठी लेखकाचा दुष्काळ का असावा? संत्र्याच्या बाजारातले दलाल, एकाच घरात मराठी सासू आणि हिंदी सून, नागपूरला निघालेली ती जुनी छोटी गाडी आणि तिच्यामागे धावत येऊन डब्यात चढणारा प्रवासी. यांतला प्रत्येक जण बगारामाचा सख्खा भाऊ आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात आणि दरवर्षी माणसे रक्तबंबाळ होतात. दगडाने डोके फुटते. विनोदाने फक्त अहंकार फुटतो, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येते!

आमची मागणी मोठी नाही. गणेशोत्सवाच्या मंडळांनी यंदा आपल्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक नाटकुल्याच्या लेखकाचे नाव नटांच्या आधी छापावे. अर्ध्या तासाचा विनोदी प्रवेश, तोही आमच्याच बोलीत लिहिलेला, अशी स्पर्धा वाचनालयांनी भरवावी. आणि मास्तरांनी वर्गात एकदा तरी विचारावे : हे वाक्य कोणी लिहिले?

त्या शनिवारी उठण्यापूर्वी आम्ही त्या पोरांना वसंत सबनीसांचे नाव सांगितले. मग अत्र्यांचे सांगितले. ज्याने "तेच बोलतात ना" म्हटले होते, त्याने खिशातून पेन काढले, दोन्ही नावे तळहातावर लिहून घेतली आणि विचारले, "काका, अशे लेखक आपल्याकडचे कोण हायेत?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. ते उत्तर त्या पोराच्याच हातून लिहिले जावे, एवढीच पहुडलेल्या मारुतीचरणी आमची प्रार्थना आहे.